लखोट्यावरचा पत्ता

लखनौ शहराच्या पूर्वेस, गोमती नदी ओलांडली की गोमती नगर ही विस्तीर्ण वसाहत लागते. जुन्या लखनौत, चौक किंवा अमीनाबाद या भागांतल्या गल्ल्यांतून एखादे घर शोधावयाचे म्हणजे वाटेत चार जणांना विचारावे लागते. गोमती नगरात तशी अडचण नाही. लखनौ विकास प्राधिकरणाने आखलेल्या या वसाहतीचे विभाग 'खंड' या नावाने ओळखले जातात. विभूति खंड, विपुल खंड, विराम खंड, विनय खंड अशी एकाच अक्षराने आरंभ होणारी त्यांची नावे आहेत. खंडाचे नाव आणि घराचा क्रमांक ठाऊक असला की पूर्णपणे अनोळखी मनुष्यही थेट दाराशी येऊन उभा राहतो. नेमका पत्ता ही नागर जीवनातील मोठीच सोय होय. मात्र जो बोलावलेल्यास उपयोगी पडतो, तोच न बोलावलेल्यासही पडतो.

आज अशा घराच्या दिवाणखान्यात, बहुधा एखाद्या कोपऱ्यात, मिणमिणत्या दिव्यांची एक लहानशी पेटी असते. तिला राऊटर म्हणतात. घरातील दूरध्वनी, संगणक, दूरचित्रवाणी संच, दारावरचा कॅमेरा ही सारी याच पेटीतून जगाशी बोलतात. या पेटीलाही एक पत्ता असतो. तो अंकांचा असतो आणि घरातून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक संदेशावर तो लिहिलेला असतो. घरातील मुलीने रात्री कोणत्या आजाराची माहिती वाचली, वडिलांनी कोणत्या वकिलाचे पान उघडले, आजोबांनी कोणत्या पतपेढीशी व्यवहार केला, यातील मजकूर कदाचित गुप्त राहील. परंतु या घराने कोणाशी, केव्हा आणि किती वेळ संबंध ठेवला हे वाटेवरच्या पुष्कळांना कळू शकते. घराला आपला हा व्यवहार स्वतःपुरता ठेवण्याचा अधिकार आहे काय? प्रश्न नवा वाटतो, पण तो या पेटीपेक्षा कितीतरी जुना आहे. आणि त्याचा बराचसा इतिहास याच शहरात आणि याच प्रांतात घडलेला आहे.

पत्रव्यवहाराला पूर्वापार तीन भये आहेत. पहिले भय हे की, वाटेत कोणी पत्र वाचील. मराठ्यांच्या राज्यात जासूद आणि सांडणीस्वार शेकडो कोस पत्रे नेत, आणि वाटेत ती शत्रूच्या हाती पडण्याचा संभव नित्याचाच असे. सन १७६१ च्या जानेवारीत पानिपतचा घात झाला, तेव्हा उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती ती वार्ता एका सावकारी पत्रातून पडली, हे मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक आहे. मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या भाषेत त्या पत्राने मराठी मनुष्यहानीचा हिशेब सांगितला होता. परक्याने वाचले असते तर त्याला तो व्यापारातील तोटा वाटला असता. ज्याला समजावयाचे त्यालाच समजावे, ही कूटलेखनाची मूळ कल्पना त्यात पुरतेपणी आहे.

दुसरे भय हे की, वाटेत कोणी मजकूर बदलील. दि. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा वध झाला. 'धरावे' या आज्ञेतील 'ध' पुसून तेथे 'मा' लिहिला गेला, अशी आख्यायिका त्याविषयी प्रसिद्ध आहे. इतिहास म्हणून तिचे मोल काहीही असो, 'ध चा मा करणे' हा वाक्प्रचार मराठीत कायमचा रूढ झाला. अक्षर बदलले गेले नाही याची खात्री कशी पटवावी, हा प्रश्न त्या एका वाक्प्रचारात सामावलेला आहे. लखोट्यावरची लाख आणि कागदावरचे मोर्तब ही त्या प्रश्नाला शोधलेली जुनी उत्तरे होत.

तिसरे भय मात्र लोकांच्या सहसा ध्यानात येत नाही. मजकूर कोणी वाचला नाही, बदललाही नाही; तरी लखोट्यावरचा पत्ता उघडाच असतो. तो झाकला तर पत्र पोहोचणार कसे? कोण कोणास लिहितो एवढ्यावरून माणसांचे जाळे उलगडता येते. या तिसऱ्या भयाची सर्वांत बोलकी कथा लखनौच्या हजरतगंजात ऐकावयास मिळते.

हजरतगंजात आज जेथे शहराचे मुख्य टपाल कार्यालय आहे, तेथे इंग्रजी अमदानीत रिंग थिएटर नावाचे नाट्यगृह होते. याच नाट्यगृहात काकोरी कटाचा खटला चालला. दि. ९ ऑगस्ट १९२५ रोजी सहारनपूरहून लखनौकडे येणारी गाडी काकोरीजवळ थांबवून क्रांतिकारकांनी तिच्यातील सरकारी तिजोरी लुटली. त्या गडबडीत गोळी लागून एका प्रवाशाचा मृत्यू झाला. कृत्य दहा जणांचे होते. परंतु सप्टेंबरच्या अखेरीस जे अटकसत्र सुरू झाले, त्यात प्रांतोप्रांतीचे चाळीसांच्या आसपास लोक सापडले. गाडीजवळ नसलेल्या एवढ्या माणसांपर्यंत पोलीस पोहोचले कसे?

दोन गोष्टी पोलिसांच्या उपयोगी पडल्या. घटनास्थळी राहून गेलेल्या एका चादरीवर धोब्याची खूण होती. त्या क्षुल्लक खुणेवरून तपासाचा धागा शहाजहानपुरापर्यंत गेला. दुसरी गोष्ट टपालाची. संघटनेचे पुढारी रामप्रसाद बिस्मिल यांची पत्रे त्यांच्या स्वतःच्या घरी येत नसत. सावधगिरी म्हणून ती शहाजहानपुरातील एका शाळकरी मुलाच्या पत्त्यावर येत. मुलाच्या नावाने आलेल्या पत्राचा संशय कोणास येणार, असा हिशेब होता. पण एकदा तो पत्ता पोलिसांना कळला, तेव्हा त्यांनी पत्रे अडविली नाहीत. ती वाटेत उघडावी, नक्कल करावी, पुन्हा चिकटवून पुढे जाऊ द्यावी, असा क्रम त्यांनी ठेवला. पत्र वेळेवर येत राहिले आणि म्हणून कोणासही शंका आली नाही. ज्या एका पत्त्यावर साऱ्यांचा विश्वास होता, त्या एकाच पत्त्याने साऱ्यांचे संबंध उघडे केले.

त्या आरोपींत रामकृष्ण खत्री नावाचे एक तरुण होते. वऱ्हाडातील, बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली गावचे. मराठी उत्तम जाणणारे म्हणून मध्य प्रांत आणि महाराष्ट्र या भागांत संघटनेचा विस्तार करण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यांना पुण्यात अटक झाली. गाडी थांबविणाऱ्या दहांत ते नव्हते, तरी दि. ६ एप्रिल १९२७ रोजी लागलेल्या निकालात कटाचे सभासद म्हणून त्यांना दहा वर्षांची सक्तमजुरी झाली. काकोरी कटाच्या प्रकरणात बिस्मिल, अशफाकउल्ला खान, रोशनसिंह आणि राजेंद्रनाथ लाहिरी या चौघांना फाशीची शिक्षा होऊन डिसेंबर १९२७ मध्ये ती अमलात आली. खत्री सुटल्यावर पुढे लखनौवासीच झाले आणि १९९६ साली निधन पावले. माणूस काय करतो याइतकेच तो कोणाशी संबंधित आहे यालाही राज्यसत्ता किती महत्त्व देते, हे त्यांच्या शिक्षेवरून दिसते.

पत्रे उघडण्याचा हा अधिकार सरकारला कायद्यानेच दिलेला होता. १८८५ च्या तार अधिनियमाने तारा आणि १८९८ च्या टपाल अधिनियमाने पत्रे, विशिष्ट परिस्थितीत, अडविण्याची आणि तपासण्याची मुभा सरकारला होती. स्वातंत्र्य आले, राज्यघटना आली, तरी हे दोन्ही कायदे तसेच राहिले. १९८६ साली टपालविषयक अधिकार वाढविणारे विधेयक संसदेने संमत केले, तेव्हा राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यास संमती दिली नाही आणि ते कधीच अमलात आले नाही. जुने अधिनियम मात्र पुढेही चालत राहिले. २०२३ मध्ये संसदेने टपाल आणि दूरसंचार या दोन्ही विषयांवर नवे कायदे केले. त्यांतही संदेश अडविण्याचा अधिकार कायम आहे.

मग नागरिकाच्या बाजूने काहीच नव्हते काय? या प्रश्नाचा पहिला मोठा निवाडा उत्तर प्रदेशातल्याच एका माणसामुळे झाला. खडकसिंग हे त्याचे नाव. १९४१ साली दरोड्याच्या एका प्रकरणात त्याला पकडले, पुरावा नाही म्हणून सोडून दिले; पण पोलिसांच्या दप्तरी त्याचे नाव चढले ते चढलेच. चौकीदार आणि शिपाई रात्री-अपरात्री त्याच्या दाराशी येत, कडी वाजवीत, हाका मारून झोपेतून उठवीत. गावाबाहेर जावयाचे तर कोठे जातो हे सांगावे लागे. खडकसिंगाने सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. दि. १८ डिसेंबर १९६२ च्या निकालात न्यायालयाने रात्रीच्या गृहभेटी घटनाबाह्य ठरविल्या. परंतु खासगीपणाचा अधिकार आपल्या घटनेत नाही, असेही बहुमताने म्हटले. न्यायमूर्ती सुब्बाराव यांनी भिन्न मत नोंदविले. खासगीपणा हा व्यक्तिस्वातंत्र्याचा आवश्यक अंशच होय, असे त्यांचे म्हणणे होते. हे अल्पमत पंचावन्न वर्षे ग्रंथांत राहिले. मध्यंतरी १९९६ साली दूरध्वनी ऐकण्याच्या अधिकारावर न्यायालयाने काही बंधने घातली. अखेर दि. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचे एकमताने सांगितले आणि खडकसिंग प्रकरणातील विरुद्ध मत रद्द ठरविले.

न्यायालयात हे घडत असताना तिसऱ्या भयावर गणितज्ञ वेगळ्या वाटेने विचार करीत होते. १९८१ साली डेव्हिड चाउम या अमेरिकी संशोधकाने एक युक्ती मांडली. एका लखोट्यात दुसरा, दुसऱ्यात तिसरा असे लखोटे घालावेत. प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाने फक्त आपल्या नावाचा लखोटा फोडावा आणि आत जो पुढचा पत्ता असेल तिकडे उरलेला लखोटा धाडावा. मग कोणाही एकाला संपूर्ण वाट कळत नाही. पंधराएक वर्षांनी अमेरिकेच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत याच धर्तीवर, कांद्याच्या पापुद्र्यांसारखी आवरणे असलेली व्यवस्था तयार होऊ लागली आणि २००२ मध्ये 'टॉर' या नावाने ती जगापुढे आली. तिच्यात संदेश सामान्यतः तीन टप्प्यांतून जातो. पहिल्या टप्प्याला पाठविणारा कळतो, मुक्काम कळत नाही; शेवटच्याला मुक्काम कळतो, पाठविणारा कळत नाही. शहाजहानपूरच्या मुलाचा पत्ता आणि ही व्यवस्था यांत फरक एवढाच की, तेथे सारा भार एकावर होता, येथे तो अनेकांवर वाटलेला असतो.

दि. १५ ऑगस्ट १९९५ रोजी भारतात इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले झाले. आरंभीची कित्येक वर्षे त्यावरील व्यवहार बराचसा पोस्टकार्डासारखा होता. वाटेतल्याने वाचावयाचे म्हटले तर त्यास अडथळा नव्हता. आता बहुतेक संकेतस्थळे मजकूर कूटलेखनात पाठवितात, म्हणजे पोस्टकार्डाच्या जागी बंद लखोटा आला आणि 'ध चा मा' करणेही कठीण झाले. पत्ता मात्र बाहेर राहिलाच.

आणि पत्ता किती फसवा असतो, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. दि. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोटमालिका घडली. तिच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना धमकीचा ई-मेल गेला होता. त्याचा पत्ता शोधीत तपास नवी मुंबईतील एका परदेशी रहिवाशाच्या घरापर्यंत आला. त्याचे बिनतारी जाळे उघडे होते आणि त्याचा उपयोग कोणी परक्यानेच करून घेतला होता. निरपराध माणूस केवळ पत्त्यामुळे संशयाच्या भोवऱ्यात सापडला. अंकांचा पत्ता घर दाखवितो, माणूस दाखवीत नाही. आणि ज्या आडोशाने सज्जनाचे रक्षण होते, त्याच आडोशाचा आश्रय दुर्जनही घेतो. तपास यंत्रणांना संदेश शोधण्याचा काहीएक अधिकार असावा, हे म्हणणे म्हणूनच निराधार नाही. प्रश्न त्या अधिकाराच्या मर्यादेचा आणि त्यावरच्या देखरेखीचा आहे.

या पार्श्वभूमीवर गोमती नगरातील घरमालकाने आपल्या कोपऱ्यातील पेटीकडे पाहिले, तर त्याला करावयाच्या गोष्टी क्रमाने सुचतात. पहिली गोष्ट दाराची कडी. कारखान्यातून आलेला संकेतशब्द त्याने ताबडतोब बदलावा, बिनतारी जाळ्याला नव्या पद्धतीचे कूटलेखन लावावे, बाहेरून पेटी हाताळण्याची सोय बंद ठेवावी आणि तिची आज्ञावली वेळोवेळी अद्ययावत करावी. नवी मुंबईच्या प्रकरणाचा धडा एवढाच आहे. दुसरी गोष्ट ओसरी आणि माजघर यांच्यातील भिंत. पाहुण्यांचे दूरध्वनी, कॅमेरे, दूरचित्रवाणी संच यांना वेगळे जाळे द्यावे, म्हणजे ओसरीवर आलेला माजघरात शिरणार नाही. तिसरी गोष्ट चौकशीची. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा अंकांचा पत्ता सांगणारी एक सूची १९८३ पासून वापरात आहे आणि तिला विचारलेले प्रश्न दीर्घकाळ उघड्यावरून जात. आता तेही कूटलेखनातून विचारता येतात. तसे केले म्हणजे घरातून कोणाकोणाचे पत्ते विचारले गेले, हे वाटेतल्याला सहज कळत नाही.

चौथी पायरी आडपत्त्याची. व्हीपीएन नावाची सेवा घेतली की घराचे सारे संदेश प्रथम एका मध्यस्थाकडे जातात आणि तेथून, त्याच्या पत्त्याने, पुढे जातात. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीला केवळ मध्यस्थ दिसतो. हा आडपत्ता उपयोगी आहे. पण तो शहाजहानपूरच्या त्या मुलाच्या पत्त्यासारखाच आहे हे विसरता येत नाही. विश्वास नाहीसा झालेला नसतो, एकाकडून दुसऱ्याकडे गेलेला असतो. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या संगणक सुरक्षा यंत्रणेने अशा मध्यस्थांना ग्राहकांची माहिती पाच वर्षे जपून ठेवण्याचा आदेश दिला, तेव्हा काही परदेशी कंपन्यांनी आपली यंत्रे भारताबाहेर नेली. म्हणजे मध्यस्थ कोण, तो कोणत्या कायद्याखाली आहे आणि दप्तर ठेवतो की नाही, हे ग्राहकानेच पारखून घ्यावे लागते. ज्याला याहून अधिक आडोसा हवा, त्याच्यासाठी टॉरची अनेक टप्प्यांची वाट आहे. ती संथ आहे आणि दैनंदिन कामासाठी गैरसोयीची आहे.

इतके करूनही चादरीवरची खूण उरतेच. तीन टप्प्यांच्या वाटेने जाऊन माणसाने स्वतःच्या नावाचेच खाते उघडले, तर वाट झाकून काय उपयोग? शिवाय यंत्राची बनावट, पडद्याचा आकार, निवडलेली भाषा, अक्षरांचे वळण अशा बारीकसारीक गोष्टी एकत्र केल्या की त्यांतून माणसाची ओळख पटू शकते. धोब्याने घातलेली खूण कोणाच्याही लक्षात नव्हती, आणि नेमकी तीच बोलली. म्हणून घरात बसविलेली कोणतीही व्यवस्था पूर्ण निनावीपणाची हमी देत नाही. ती दिसणाऱ्यांची संख्या कमी करते आणि दिसण्यासाठी त्यांना श्रम घ्यावयास लावते. सामान्य कुटुंबाला बहुधा तेवढे पुरेसे असते.

ज्याच्या घरी लपविण्याजोगे काही नाही, त्याने ही यातायात कशाला करावी, असे विचारणारे लोक आहेत. त्यांना उत्तर गोमती नगरातच मिळते. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाची नवी वास्तू २०१६ पासून याच वसाहतीत आहे. दि. १२ जानेवारी २०२१ रोजी या खंडपीठाने एक निर्णय दिला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याप्रमाणे लग्न करू इच्छिणाऱ्या जोडप्याची नोटीस तीस दिवस लावली जाई. तीत नावे, वये, व्यवसाय आणि राहण्याचा ठिकाणाही असे. जातीधर्माच्या भिंती ओलांडणाऱ्या कित्येक जोडप्यांना त्या तीस दिवसांचेच भय वाटे, कारण ठिकाणा कळला की घरच्यांचा किंवा परक्यांचा जमाव दाराशी येण्यास उशीर लागत नसे. जोडप्याची इच्छा नसेल तर अशी नोटीस प्रसिद्ध करू नये, असे न्यायालयाने सांगितले. आणि त्यासाठी २०१७ च्या निकालाचा आधार घेतला. त्या जोडप्यांनी कोणताही अपराध केलेला नव्हता. लग्न लपवावयाचेही नव्हते. ते नोंदलेच जाणार होते. झाकावयाचा होता तो केवळ पत्ता, आणि तोही लग्न पार पडेपर्यंत.

हजरतगंजातल्या टपाल कार्यालयात आजही लोक पाकिटावर ठसठशीत अक्षरांत पत्ता लिहितात आणि ते पेटीत टाकून निर्धास्तपणे घरी जातात. आपले पाकीट कोणी फोडणार नाही, आणि कोणी फोडलेच तर ते कायद्याच्या आज्ञेने, कारण नोंदवून आणि पुढे जाब देण्याच्या तयारीने फोडील, या विश्वासावर ते जातात. तो विश्वास निर्माण होण्यास खडकसिंगाच्या निकालापासून पंचावन्न वर्षे लागली. नदीपलीकडच्या घरांतील लहान पेटीला तसा विश्वास अजून मिळावयाचा आहे. तो मिळेपर्यंत घरमालकाने आपल्या दाराची कडी आपणच लावावी, ओसरीची भिंत आपणच घालावी आणि कोणत्या मध्यस्थाच्या हाती आपली पत्रे द्यावयाची हे आपणच ठरवावे, यात भित्रेपणा नाही. रात्री दाराला कडी घालणाऱ्या गृहस्थाला कोणी चोर म्हणत नाही.